गुडघ्याला गुडघा लावून

वडिलांना माती देऊन एक हिवाळा उलटला होता, आणि त्या दुपारी पेट्रोल पंपावर मला त्यांचा बँजो ऐकू आला.

बारीक पाऊस पडत होता. गाडीच्या टपावर त्याची टपटप चालली होती, आणि तिच्याआडून सावकाश, जरासा लंगडत तो सूर येत होता. ती चाल वडिलांची होती. आई गेली त्या वर्षी त्यांनी बांधलेली. तिला नाव नव्हतं, ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि ती वाजवणारा जगात एकच माणूस होता. त्याला मी स्वतः टेकडीवर ठेवून आले होते.

भुतांवर माझा विश्वास नाही. पण मानेवरचे केस उभे राहायला विश्वास लागत नाही.

मी आवाजाच्या मागे गेले. शेजारच्या पेंडीच्या दुकानाच्या पडवीत उलट्या बादलीवर एक तरुण बँजो घेऊन बसला होता. केस ओले होते, शर्ट स्वच्छ होता, आणि पापण्यांच्या कडांना कोळसा. आमच्याकडच्या खाणीतल्या पुरुषांचा तो अंघोळीने निघत नाही. डोळे काजळ घातल्यासारखे दिसतात.

"ही चाल कुठून चोरलीत?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण फार बारीक.

त्याचा हात थांबला. त्याने वर पाहिलं… आणि पाहतच राहिला.

"तुम्ही डेन्झिलकाकांची ओर्लीना," तो म्हणाला. "डोळे तेच. रागही तोच."

"ते कोणाला शिकवत नव्हते."

"मलाही नाही शिकवलं. मी नुसता समोर बसायचो. जा म्हणाले की जायचो नाही." तो जरा हसला. "शेवटी कंटाळून म्हणाले, बसलाच आहेस तर हात तरी नीट धर."

शेवटी शेवटी वडील घरी वाजवत नसत. छातीत कोळसा भरला होता. दोन ओळी वाजवल्या की धाप लागे, आणि ती माझ्यासमोर लागू नये म्हणून ते या पडवीत येऊन बसत. हे मला माहीत होतं. इथे त्यांच्यासमोर कोणीतरी बसत होतं, हे माहीत नव्हतं.

"मला शिकवाल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"शिकवेन की. पण ते 'अहो-जाहो' आधी बंद कर. म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

त्याचं नाव एस्टिल. वडिलांनी ज्या खाणीत जन्म काढला, त्याच खाणीत तो छत कोसळू नये म्हणून त्याला लोखंडी खिळे ठोकायच्या कामावर होता. म्हणजे कोळसा काढून पोकळ झालेल्या जागेत सगळ्यांच्या आधी शिरणारा.

हे ऐकलं तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. खाणीतल्या माणसाची वाट बघायची नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात पक्की ठरवली होती.

*

आमच्या डोंगरात बँजो कागदावरून शिकत नाहीत. शिकवणारा आणि शिकणारा समोरासमोर खुर्च्या मांडतात, गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि एकाचा हात बघत दुसरा वाजवतो. आजोबा-नातू असेच बसतात, मायलेकी अशाच बसतात. त्यात कोणाला काही वाटत नाही.

मला वाटायचं.

व्हेस्टा आत्याच्या पडवीत आम्ही बसायचो. वडिलांची ही थोरली बहीण. मी तिच्याकडेच राहते. एस्टिल खाणीतून सुटला की अंघोळ करून संध्याकाळी यायचा. मी गावातलं छोटं ग्रंथालय बंद करून आलेली असायचे. माझ्या मांडीवर वडिलांचा बँजो. त्याच्या ढोलकीसारख्या ताणलेल्या कातड्यावर, जिथे त्यांची करंगळी टेकायची, तिथे एक काळपट गोल डाग होता. मी तो कधी पुसला नाही.

"मुठीसारखा हात वळव. घट्ट नको," एस्टिल सांगायचा. "अंडं धरल्यासारखा. आता नखाने खाली मार. वर ओढायचं नाही. बोटाने काहीच करायचं नाही, सगळं मनगटाने."

मी मारलं. तार कण्हली.

"तू तिला खाजवतेयस."

"मी मारतेय!"

"मारूही नकोस. हात पडू दे. झाडावरून सफरचंद पडतं तसा. आणि पडताना अंगठा त्या आखूड तारेवर येऊन बसतो, तो मग निघतो… बघ." त्याने वाजवलं. नख खाली, झटका, आणि मागून अंगठ्याची ती आखूड, उंच सुराची तार, घोड्याच्या चौथ्या पायासारखी. त्याच्या गुडघ्यातून ठेका माझ्या गुडघ्यात येत होता.

"कळलं?"

"काय?" मी त्याच्या पापण्यांकडे बघत होते.

"हात बघ, ओर्लीना. हात."

आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, बँजोचा आवाज थांबला की मला ऐकू येतं हं! म्हातारी झाले, बहिरी नाही!"

"शिकवणं चाललंय, व्हेस्टाबाई!"

"दिसतंय. आमच्या वेळीही असंच शिकवायचे."

पण तो गेला की तिचा स्वर बदलायचा. तिचा नवरा खाणीच्या छताखाली सापडून गेला होता. लग्नाचा केक अजून संपला नव्हता, असं ती सांगते. बीन्सची पातेली खरवडताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवायला घाल त्याला. पोरगा गुणी आहे. पण कान रस्त्याकडे लावून बसायची सवय लावून घेऊ नकोस, पोरी. ती सुटत नाही."

मी हसले. मला ती सवय लागून बरेच दिवस झाले होते. संध्याकाळ व्हायला आली की वळणावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज मी ओळखू लागले होते. त्याची गाडी उतारावर जरा खोकते. ती खोकेपर्यंत माझा श्वास वरच्यावर चालायचा, आणि ती खोकली की मी घाईघाईने पुस्तक उघडून वाचत असल्यासारखी बसायचे.

चालीचे दोन भाग होते. खालचा भाग मला वसंत सरेपर्यंत येऊ लागला. वरचा भाग येईना. तिथे एका जागी सूर थांबतो, नाहीसा होतो, आणि आपण घाबरलो की मग परत येतो. त्या जागी माझा हात दर वेळी अडायचा.

"पुन्हा," एस्टिल म्हणायचा.

"नाही येत मला."

"येतं. तू तिथे श्वास धरतेस. काका म्हणायचे, त्या जागी घाई केली की संपलं."

"आणि आला एकदा हा भाग, की मग?" मी विचारलं. "मग तू कशाला येशील?"

तो बराच वेळ तारा जुळवत राहिला. जुळलेल्याच होत्या.

"म्हणून तर मी तुला नीट शिकवत नाहीये," तो म्हणाला.

मला हसू आलं, आणि पाठोपाठ भीती वाटली. इतकी भीती मला वडिलांच्या उशाशी बसूनही वाटली नव्हती. तिथे काय होणार हे तरी माहीत होतं.

*

त्या गुरुवारी सकाळपासून पाऊस होता. ओढा तांबडा होऊन वाहत होता. मी ग्रंथालय लवकर बंद करून घरी आले आणि बँजो उचलला, तर तो भिजल्या पोत्यासारखा वाजला. ओल्या हवेत कातडं सैल पडतं. आज एस्टिलपुढे वरचा भाग न अडता वाजवायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. तेव्हा मी कडेच्या सगळ्या चाव्या फिरवून कातडं चांगलं आवळलं, आणि आणखी टणक व्हावं म्हणून बँजो लाकडं जाळायच्या शेगडीजवळच्या खुर्चीत ठेवला.

मग पहिली अँब्युलन्स गेली.

ती खाणीच्या रस्त्याने वर गेली. आत्याच्या हातातली सुरी बटाट्यातच राहिली. थोड्या वेळाने दुसरी गेली.

खाणीच्या कचेरीचा फोन कोणी उचलत नव्हतं. मी पुन्हा लावला. पुन्हा. वर जायची सोय नव्हती. पूल ओलांडून पाणी वाहत होतं आणि शेरीफचे पोलीस गाड्या परत पाठवत होते, असं शेजारणीने ओरडून सांगितलं.

"बस खाली," आत्या म्हणाली.

मी बसले. उठले. पडवीत गेले, आत आले. त्याची सुटायची वेळ टळून गेली. डोंगरावर ढग उतरले. मी कान देऊन होते, आणि ऐकू येत होतं ते फक्त पाणी. मी अनेक पुस्तकांत वाट बघणाऱ्या बायका वाचल्या आहेत. एकातही हे लिहिलेलं नव्हतं की माणूस त्या वेळी किती क्षुद्र होतो. मी देवाला म्हणत होते, दुसरा कोणी असू दे. दुसऱ्या कोणाच्या घरचा…

तेवढ्यात खोलीत बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

आत्या किंचाळली. मी वळले. शेगडीजवळच्या खुर्चीत बँजोचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं होतं. तो काळपट डाग मधोमध दुभंगला होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. माझ्या मनात एकच गोष्ट आली: गेला. वडील सांगून गेले मला, तो गेला.

"ओर्लीना," आत्या म्हणाली, "कातडं आहे ते. तापलं, फाटलं." पण तिचेही ओठ पांढरे पडले होते.

*

दिवेलागणीला पडवीची पायरी वाजली. गाडी खोकली नव्हती, म्हणून मी मान वर केली नाही.

"पूल बंद आहे," दारातून आवाज आला. "ओढ्याच्या वरच्या अंगाने चालत आलो."

तो कमरेपर्यंत चिखलात होता. अंघोळ केलेली नव्हती, तोंड काळं होतं, फक्त डोळे पांढरे. मी उठून त्याच्यापर्यंत गेले आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं. एकदा, दोनदा… मग मुठी तिथेच राहिल्या.

"छत आलं खाली," तो हळू म्हणाला. "सगळे बाहेर आहेत. एकाचा पाय अडकला होता. त्याला काढेपर्यंत निघता येईना."

"तुला काही…"

"काही नाही. ऊर धपापतंय, पण ते तू मारलंस म्हणून."

मग त्याने माझ्या खांद्यावरून खुर्चीकडे पाहिलं.

"पावसाळी हवेत चाव्या आवळल्यास? आणि वर शेगडीजवळ ठेवलास?"

मी मान हलवली.

"अगं, ओलं असताना आवळलं की सुकताना ते आणखी ओढतं. हे सांगायचंच राहिलं माझं." तो खुर्चीपाशी बसला, फाटलेल्या दोन्ही कडा बोटांनी एकमेकींजवळ आणून पाहिल्या. "काकांची खूण गेली. रडू नकोस. त्यांनी हे कातडं स्वतः दोनदा बदललं होतं. मला म्हणाले होते…"

"मी त्याच्यासाठी रडत नाहीये, एस्टिल."

शेगडीतलं लाकूड ढासळलं. त्याचे हात मांडीवर होते. मी ते हातात घेतले.

"मला नाही हे जमणार," मी म्हणाले. "तू रोज खाली जाणार आणि मी रोज इथे… मला इतकी भीती वाटते की मी आज दुसऱ्याचं मरण मागितलं."

"वरची जागा आहे," तो खाली बघत म्हणाला. "कोळसा धुतात तिथली. जमिनीवर. फोरमनने गेल्या महिन्यात विचारलं होतं मला."

"मग?"

"नाही म्हणालो."

"का?"

"पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. संध्याकाळी कसा आलो असतो मी?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"संध्याकाळी येता यावं म्हणून तू त्या छताखाली राहिलास?" माझा आवाज चढला. "मूर्ख आहेस तू? एक चाल शिकवायला?"

"चाल नव्हे गं…" तो म्हणाला. काळ्या गालावरून एक रेघ खाली आली. "आज अंधारात धूळ खाली बसेपर्यंत मी ती जागा आठवत होतो. वरच्या भागातली. तू अडतेस ती. म्हटलं, हिला ती सांगायची राहिली."

बाहेर पाऊस कमी होत होता. मला अजून भीती वाटत होती. ती जाईल असं मला वाटलं नाही, आजही ती गेलेली नाही. पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी माझ्या आतून वर आलं होतं, आणि त्याला आता थोपवणं मला शक्य नव्हतं.

"उद्या जाऊन ती जागा माग," मी म्हणाले. "आणि मला सकाळी शिकव."

"सकाळी तुझं ग्रंथालय."

"दहाला उघडतं. उजाडल्यावर तास दोन तास मिळतात."

"रात्री अकराला सुटून पंधरा मैल घरी जायचं, आणि उजाडायच्या आत परत इथे?" तो म्हणाला. "झोपू कधी मी, ओर्लीना?"

"मग जाऊच नकोस ना तिकडे."

बोलून गेले, आणि माझे कान तापले. त्याने मान वर केली. त्या काळ्या चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरत गेलं, जणू त्यालाही त्याची भीती वाटत होती.

"म्हणजे… इथेच राहू?"

मी त्याचे हात सोडले नाहीत.

स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण आपटलं.

"आधी पाद्रीबाबांसमोर लग्न!" आत्या आतून ओरडली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "मग उजाडायचं काय ते बघा! आणि त्याला म्हणावं, पाय धुऊन जेवायला बस, माझी जमीन चिखलाने भरवलीये!"