चार लाख माणसांचा तोल

मंदाकिनी गांगुर्डे पांढऱ्या रेषेवरून तिसऱ्यांदा सरळ चालत गेल्या, तेव्हा डॉ. शमा मुजावर यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"मंदाताई, तुमची काठी कुठे आहे?"

"घरीच राहिली," मंदाताई म्हणाल्या. "चार दिवस झाले, लागतच नाही."

नाशिकमधल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत दोनशे चाळीस स्वयंसेवकांवर तोलपट्टीची चाचणी चालू होती. मंदाताई त्यांतल्या सर्वांत वयस्कर, एकसष्ट वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी सर्व्हेअर म्हणून गावोगावच्या जमिनी मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर आलेली रक्कम बँकेत नुसती पडून होती, म्हणून त्या इथे आल्या होत्या.

पहिल्या दिवशी निनाद वाघचौरे यांनी सगळ्यांना पट्टी समजावून सांगितली होती. कंपनी त्यांचीच होती आणि ती पट्टी गेलं वर्षभर त्यांच्या स्वतःच्या कानामागे होती.

"गुंतवणूक लोकांना जमत नाही, कारण आपण त्यांना आकडे दाखवतो," ते म्हणाले होते. "आकडे वाचायला शिकावं लागतं. पण आपण एका बाजूला कलतोय हे कळायला कुणी शिकवावं लागतं का? तुमच्या उजवीकडे कारखान्यांचे शेअर आहेत, डावीकडे सोनं आणि सरकारी रोखे. उजवीकडची जोखीम वाढली, की पट्टी कानातल्या तोलाच्या नसेला अगदी हलका विद्युतप्रवाह देते. तुम्हाला उजवीकडे झुकल्यासारखं वाटतं. तुम्ही नकळत डाव्या पायावर भार टाकता. पट्टी तो भार ओळखते आणि तेवढा पैसा डावीकडे हलवते. झालं. ना तक्ते, ना सल्लागार."

"म्हणजे उतार दाखवणारी पाणसळच की ही," मंदाताई म्हणाल्या होत्या आणि निनाद खूश झाले होते.

आता शमाताईंनी मंदाताईंना फिरत्या खुर्चीत बसवलं, डोळ्यांसमोर छोटा कॅमेरा लावला आणि खुर्ची गरकन फिरवली. खुर्ची फिरली की निरोगी माणसाची बुबुळं उलट्या दिशेने सरकतात. मंदाताईंची बुबुळं जागची हलली नाहीत.

"तुमच्या दोन्ही कानांतली तोलाची इंद्रियं मेलेली आहेत," शमाताई हळू आवाजात म्हणाल्या. "कधीपासून?"

"सहा वर्षं. मोठा ताप आला होता. त्यात जी इंजेक्शनं दिली, त्यांनी गेली."

"फॉर्मवर प्रश्न होता."

"फॉर्मवर 'चक्कर येते का' असं होतं. मला चक्कर येत नाही, डॉक्टर. मला काहीच येत नाही. डोळे मिटले की वर कुठे आणि खाली कुठे, पत्ता लागत नाही." त्या थांबल्या. "आणि आता लागतोय."

शमाताईंनी ते निनादना सांगितलं. बाकीच्यांच्या कानांतून मेंदूला खरा संदेश मिळत होता. पट्टीचा संदेश त्यापुढे कुजबुजीइतका. मंदाताईंच्या मेंदूला सहा वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं. कुजबुज आली आणि त्याने तीच खरी मानली. पैसा समतोल असला, की मंदाताईंना जमीन सपाट वाटत होती.

"त्यांना चाचणीतून काढायला हवं," शमाताई म्हणाल्या. "उद्या बाजार कोसळला तर या बाई रस्त्यात पडतील."

निनाद पडद्यावर काहीतरी शोधत होते. "डॉक्टर, हे बघा. दोनशे चाळीस जणांत सर्वांत चांगली गुंतवणूक कुणाची आहे? यांचीच. बाकीचे कलतात, कंटाळतात, तसेच बसून राहतात. यांना दुर्लक्ष करणं परवडतच नाही."

त्यांना मंदाताईंची चाल हवी होती. मंदाताई भार कुठे टाकतात ते टिपायचं आणि ज्याला हवं असेल त्याच्या पट्टीला तसंच करायला लावायचं, असा बेत होता. मंदाताईंनी दोन मिनिटंही विचार केला नाही.

"पट्टी माझ्याकडे कायम राहणार असेल, तर काय हवं ते टिपा."

शमाताईंनी नापसंती लिहून ठेवली आणि सही केली. त्या सहीचा त्यांना पुढे फार त्रास झाला.

आठ महिन्यांत चार लाख लोकांनी तोलपट्टी घेतली आणि जवळजवळ सगळ्यांनी मंदाताईंची चाल निवडली. लोकांना काही करावंच लागत नव्हतं. कानामागे हलकीशी कूस बदलल्यासारखं व्हायचं आणि पैसा जागेवर जायचा. निनादच्या मुलाखती छापून येऊ लागल्या.

मंदाताई मात्र कुठेच टेकत नव्हत्या. शुक्रवारी दुपारी बाजार बंद होताना जो कल राहील, तो सोमवारपर्यंत तसाच राहायचा, म्हणून शुक्रवारी त्या घरभर येरझारा घालायच्या. एकदा थोडी चूक राहिली आणि दोन दिवस त्यांना घर देवळालीच्या बाजूला उतरतं आहे असं वाटत राहिलं. निनादनी त्यांना परदेशी बाजार जोडून दिले. मग चोवीस तास काही ना काही हलू लागलं. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, त्यांचे पाय सारखे आळीपाळीने भार बदलत असायचे. शेजारणी विचारायच्या, "मंदाताई, घाई आहे का कुठे जायची?"

एका बुधवारी सकाळी पावणेअकराला कारखान्यांचे शेअर अचानक कोसळले. ना कुठली बातमी, ना कुठला निर्णय. सहा मिनिटांनी ते पुन्हा वर आले. तेवढ्यात असंख्य लोकांचं नुकसान होऊन गेलं होतं. ज्यांनी आयुष्यात तोलपट्टी पाहिलीही नव्हती, त्यांचंही.

शमाताईंनी आधी नोंदी पाहिल्या आणि मग फोन लावला.

"मंदाताई, पावणेअकराला काय करत होतात?"

"पांडवलेण्याच्या पायऱ्या चढत होते. का हो?"

"काही झालं?"

"उजवा पाय घसरला जरा. मी डाव्या पायावर सावरले. मग डोंगरच हलल्यासारखा झाला, म्हणून कठडा धरून उभी राहिले. लागलं नाही काही."

शमाताईंनी नोंदींवर पुन्हा नजर टाकली. मंदाताईंच्या मेंदूला शरीराचा तोल आणि पैशाचा तोल वेगळा कळत नव्हता, पट्टीलाही नव्हता. त्या डाव्या पायावर सावरल्या आणि चार लाख लोकांचे शेअर विकले गेले. त्याने बाजार पडला, पट्टीने तो धक्का मंदाताईंनाच परत दिला, आणि त्या पुन्हा डाव्याच पायावर सावरल्या. कठडा धरला तेव्हा कुठे ते चक्र थांबलं.

दुपारी तीन वाजता तिघं प्रयोगशाळेत बसले. मंदाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कठडा नसता तर?" त्यांनी विचारलं.



त्यांनी कानामागे बोट नेलं, पट्टी सोलून काढली आणि टेबलावर ठेवली. लगेच त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज बदलला नाही. "माझी चाल बंद करा. आणि हे सगळंच बंद करा."

"केलंय," निनाद म्हणाले. दिवसभरात त्यांचं वय वाढल्यासारखं दिसत होतं. "साडेतीनला बाजार बंद होईल, त्याच क्षणी चारही लाख पट्ट्या बंद पडतील. आदेश देऊन ठेवलाय. लोकांचे पैसे आहेत तिथे सुरक्षित राहतील." त्यांनी स्वतःची पट्टीही ओढून काढली. "तुम्ही काढलीत, मग मी कशाला ठेवू?"

मंदाताईंसाठी पाणी आणायला ते उठले. दोन पावलं गेले, आणि समोर भिंत नसताना भिंत धरायला जावं तसा त्यांचा हात पुढे झाला. पुढच्या क्षणी ते फरशीवर पडले.

शमाताई धावल्या. निनाद शुद्धीवर होते. "मी ठीक आहे," ते म्हणाले आणि उठून पुन्हा पडले. "डॉक्टर, माझे कान तर चांगले आहेत. तुम्हीच तपासलेत."

शमाताई गुडघ्यांवर तशाच बसून राहिल्या. कुजबुज, असं त्याच म्हणाल्या होत्या. पण ही कुजबुज दिवसरात्र चालू होती आणि ती नेहमी आधी यायची. निनादच्या मेंदूने हळूहळू तिच्यावर विसंबायला सुरुवात केली होती आणि कानाकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. ज्या इंद्रियाशिवाय भागतं, त्याला मेंदू विचारेनासा होतो. मंदाताई अपवाद नव्हत्या. त्यांच्या बाबतीत ते चार दिवसांत झालं, इतरांच्या बाबतीत महिन्यांत, इतकाच फरक.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

चार लाख माणसं. त्यांतली कितीतरी या क्षणी दुचाकीवर असतील, जिन्यात असतील, लेकरू कडेवर घेऊन असतील.

"आदेश कसा थांबवायचा?" शमाताई ओरडल्या. "निनाद, कसा थांबवायचा?"

ओढून काढलेली पट्टी पुन्हा लागत नव्हती. आदेश फक्त निनादच्याच हाताच्या ठशाने थांबत होता आणि तो ठसा घेणारा पडदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. शमाताईंनी त्यांना खांद्याला धरून उठवलं. त्यांच्या ओझ्याने दोघंही कोलमडले. निनाद डोळे गच्च मिटून धापा टाकत होते.

"डोळे उघडा," मंदाताई म्हणाल्या. त्या टेबल धरून, मग खुर्ची धरून तिथवर आल्या होत्या. "खाली बघू नका. त्या खिडकीची कड दिसते? फक्त तिच्याकडे बघा. पाय फाकवून टेका. तळव्याला फरशी लागतेय ना, तेवढ्यावरच भरवसा ठेवा. डोक्यात काय वाटतंय ते खोटं आहे. वाटू द्या."

"सगळं फिरतंय."

"फिरू द्या. आता एक पाऊल."

निनादनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मंदाताईंनी एका हाताने त्यांचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने भिंत. दोघं मिळून खोली ओलांडायला त्यांना चार मिनिटं लागली. निनादचा घामेजलेला तळवा पडद्यावर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा ठसा उमटला आणि आदेश रद्द झाला.

शमाताई भिंतीला टेकून खाली बसल्या. पट्ट्या आता महिनोन्‌महिने थोड्या थोड्या मंद करत न्याव्या लागणार होत्या, आणि प्रत्येकाला सोबत कुणीतरी लागणार होतं.

"मंदाताई," त्यांनी विचारलं, "हे असं चालायला तुम्हाला किती दिवस लागले होते?"

"भिंत सोडायला दोन वर्षं," मंदाताई म्हणाल्या. "यांचे कान शाबूत आहेत. यांना पंधरा दिवस पुरतील." मग त्या निनादकडे वळल्या. "बसू नका. बसलात की उठवत नाही. चला, परत खिडकीपर्यंत."