शेऱ्याचा चौकोन

बाराशे सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टर्बो, एकशे पाच घोड्यांची ताकद. कागदावर हे पेट्रोल इंजिन मोठं देखणं होतं. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या दहा गाड्यांपैकी चार गाड्यांत हेच असायचं आणि त्याच्या खोड्या मिस्त्रीला तोंडपाठ होत्या. साठ हजार किलोमीटर झाले की ते तेल प्यायला लागतं. व्हॉल्व्हवर काजळी धरते. इग्निशन कॉइल न सांगता जाते. आणि सकाळी, इंजिन गार असताना, किल्ली फिरवली की पुढच्या अंगाने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते.

ही खडखड टायमिंग चेनची. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांना एका तालात ठेवायचं काम तिचं. तिला ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरतं, चेन सैल पडते आणि दाब परत येईपर्यंत झाकणावर आपटत राहते. चेन धड असेल तर त्यात काही भ्यायचं नाही. झिजलेली असेल तर एक दिवस दात चुकवते आणि इंजिन चालता चालता मरतं. ती धड आहे की झिजलेली, हे पुढचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही, आणि झाकण उघडायचं म्हणजे एका गाडीमागे दोन दिवस मोडतात.

मिस्त्री झाकण उघडत नसे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मोठ्या वैद्यासारखं सांगायचं, "स्वभाव आहे हो या इंजिनाचा. स्वभावाला औषध नाही." गिऱ्हाईक हसून निघून जायचं. मग तो गाडीच्या कामाच्या कार्डावर शेऱ्याच्या चौकोनात लाल पेन्सिलीने 'स्व.' एवढंच लिहायचा. अख्खा 'स्वभाव' लिहायचाही त्याला कंटाळा.

छापखान्याने कार्डं छापताना हा चौकोन मालकाच्या नावाच्या डाव्या हाताला नेऊन ठेवला होता. त्यामुळे ओळ वाचायला घेतली की आधी 'स्व.' आणि मग नाव.

"दादा, अरे जिवंत माणसांना स्वर्गीय करून ठेवतोयस तू," धाकटी म्हणायची. धाकटी म्हणजे त्याची बहीण. शिक्षण सोडून काउंटरवर बसली त्याला बावीस वर्षं झाली होती.

"ज्याला जसं वाचायचं तसं वाचू दे."

"निदान कार्डं तरी नवी छापून घे."

"घेऊ गं. घाई काय आहे?"

घाई काय आहे, हे मिस्त्रीचं ठेवणीतलं वाक्य. धाकटीची गाडी याच इंजिनाची. घेतली तिने, चालवायची तीच, पण घेताना अर्जावर सही मिस्त्रीने ठोकली आणि गाडी नऊ वर्षं त्याच्याच नावावर राहिली. ती दर वर्षी म्हणायची, माझ्या नावावर कर. दर वर्षी त्याला घाई नसायची. हल्ली ती फक्त एवढंच म्हणायची, "तुझ्याही स्वभावाला औषध नाही, दादा." त्यात आता चेष्टा उरली नव्हती.

हेडमास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण बोलणं अजून वर्गात उभं राहिल्यासारखं. त्यांनी सकाळी गाडी आणली, खडखड ऐकवली आणि विचारलं, "नक्की ना, मिस्त्री? धोका नाही ना?" मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि 'स्व.' लिहिलं.

सहाव्या दिवशी पुलाच्या उतारावर त्यांच्या गाडीचं इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो. सत्तरीजवळच्या माणसाच्या पायात तेवढा जोर कुठून असणार?

गाडी दोरीने ओढून गॅरेजमध्येच आणली गेली. मिस्त्रीने त्या दिवशी झाकण उघडलं. चेन बोटभर लोंबत होती. आपण एका माणसाला मारलं, असं त्याला स्वच्छ वाटलं. त्याने लाल पेन्सिल मोडून कचऱ्यात टाकली आणि त्या दिवसापासून खडखडणाऱ्या प्रत्येक गाडीचं झाकण उघडायला सुरुवात केली. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यालाही कळत होतं.

पुढची गाडी नर्सबाईंची. चेन निम्मी झिजलेली निघाली. मिस्त्रीने चेन बदलली, टेन्शनर बदलला, तेल नवं भरलं, आणि तीन दिवस सकाळी स्वतः गार इंजिन सुरू करून कान दिला. आवाज नाही. कार्डावर त्याने निळ्या शाईत काय काय बदललं ते सगळं लिहिलं. शेऱ्याचा चौकोन कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी धाकटी कार्ड घेऊन बाकाजवळ आली. "अरे, चेन बदललीस ना? मग हे कशाला?"

चौकोनात लाल 'स्व.' होतं.

"तू लिहिलंस?"

"मी कशाला लिहू? अक्षर तुझं आहे."

अक्षर त्याचंच होतं. 'स्व'च्या शेवटी टिंब देताना तो पेन्सिल दाबायचा, तसं ते टिंब कागदात रुतलं होतं. हाताची सवय असेल, मनात नसताना लिहिलं गेलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पेन्सिल कुठून आली, हे मात्र समजावता येईना. त्याने नर्सबाईंना फोन लावला आणि गाडी पुन्हा मागवून घेतली. झाकण उघडलं. चेन नवी कोरी, ताण बरोबर, खुणा जुळलेल्या.

नर्सबाई सहाव्या दिवशी गेल्या. गाडीत नव्हे. घरी, खुर्चीत बसून मोजे चढवताना. त्यांची गाडी तेव्हा मिस्त्रीच्या आवारातच उभी होती.

तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी आल्या आल्या कार्डांचा गठ्ठा काढायचा आणि एकेक चौकोन बघायचा. धाकटी विचारायची काय शोधतोयस, तो म्हणायचा काही नाही. दोन आठवडे सगळे चौकोन कोरे होते. माणसाला कशाचीही सवय होते. तो थोडा हसू-बोलूही लागला होता.

मग एका सोमवारी ते दिसलं. धाकटीच्या गाडीच्या कार्डावर.

ती आत फोनवर कुणाशीतरी बोलत होती, हसत होती. तिला आता काय सांगायचं, गाडी कशी काढून घ्यायची, असं सगळं त्याच्या मनात एकदम आलं. त्याने पुन्हा कार्ड बघितलं. मग त्याला कळलं की आपण ओळ अर्धीच वाचली आहे.

मालकाच्या रकान्यात त्याचंच नाव होतं.

त्याने खोडरबर घेतलं. लाल हललं नाही. कार्ड फाडून त्याने नवं लिहिलं. दुपारी जेवून हात धुवून आला, तर नव्यावरही 'स्व.' होतं. मंगळवारी तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, तुमचं इंजिन ठणठणीत आहे." त्याला हसता आलं नाही.

त्या दिवशी तो कुठल्याही गाडीखाली गेला नाही. जिना उतरताना कठडा धरून उतरला. सोमवारपासूनचा सहावा दिवस शनिवारी येत होता.

बुधवारी सकाळी त्याने धाकटीला हाक मारली. "चल, कचेरीत जाऊन येऊ. गाडी तुझ्या नावावर करून टाकू."

"आज काय झालं?"

"तुझीच गाडी आहे. नऊ वर्षं मागतेयस."

हे खरंच होतं. त्याने ते स्वतःलाही दोन-तीनदा सांगितलं. कचेरीतला कारकून ओळखीचा होता. त्याच्या गाडीचं काम मिस्त्रीकडेच असायचं. मिस्त्रीने दहा मिनिटांत चार वेळा विचारलं, "शनिवारच्या आत होईल ना?"

"घाई काय आहे, मिस्त्री?" कारकून म्हणाला.

परत येताना धाकटीने डोळे पुसले. "मला वाटलं होतं तू मरेपर्यंत करणार नाहीस," ती म्हणाली. "माणसाचा स्वभाव बदलतो म्हणायचा."

बुधवार-गुरुवार त्याने झपाटल्यासारखं तिच्या गाडीचं इंजिन खोललं. नवी चेन, नवा टेन्शनर, चारही कॉइल, व्हॉल्व्हवरची काजळी हाताने घासून काढली. आपण हे तिच्यासाठी करतोय, असं त्याला वाटत होतं. नर्सबाईंची चेनही नवी होती, हे त्याला आठवत होतं. त्याने हात थांबवले नाहीत.

शुक्रवारी दुपारी कागद आला.

शनिवारी सकाळी धाकटी लवकर आली. गाडी घेऊन मैत्रिणीकडे जायचं होतं तिला, चार तासांवर, दोन दिवसांसाठी. बावीस वर्षांत पहिली सुट्टी. तिने नवं कार्ड घेतलं आणि मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं. लिहून झाल्यावर कार्ड लांब धरून बघितलं. मग बॅग आणायला आत गेली.

मिस्त्रीने काउंटरवर वाकून पाहिलं.

तिच्या नावाआधी लाल 'स्व.' होतं. टिंब कागदात रुतलेलं.

त्याने खणातून जुनं कार्ड काढलं. त्याचा चौकोन कोरा होता. त्याने बोट फिरवलं. पेन्सिलीचा वळसुद्धा नव्हता.

त्याला हायसं वाटलं. बाकी सगळं नंतर वाटलं, पण आधी हायसं वाटलं.

धाकटी बॅग घेऊन बाहेर आली. मिस्त्रीने नवं कार्ड पालथं करून ठेवलं होतं.

"शेरा काही लिहायचा राहिलाय का?"

"नाही."

"दे मग किल्ली."

किल्ली त्याच्याच खिशात होती. नाही म्हणता आलं असतं. गाडीत बिघाड आहे म्हणता आलं असतं. कागद फिरवून घेऊ म्हणता आलं असतं.

त्याने किल्ली दिली.

रात्रभर उभी असल्यामुळे इंजिन गार होतं. तिने ते सुरू केलं. अजिबात खडखड झाली नाही.

फाटकापाशी तिने काच खाली केली आणि हात हलवला. त्यानेही हलवला.