पाणी बदला

थोरल्या जावेचं काम बघणाऱ्याला फार काही वाटलं नसतं. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत कोमट खारं पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेली, उंदरिणीच्या गर्भाशयाची छोटीशी पट्टी. पट्टी आकसली की दोरा ताणला जायचा आणि वरचं पेन कागदावर डोंगर काढायचं. मग कॉफीतल्या द्रव्याच्या जातकुळीतलं एक औषध थेंबभर सोडायचं. स्नायू सैल, डोंगर सपाट. नळीतलं पाणी बदललं की डोंगर परत उभे. दिवसभर हेच.

सकाळीच दिराचा फोन आला. "वहिनी, हिला कळा सुरू झाल्या!"

"छान हो भावोजी," ती म्हणाली, आणि तिच्या पोटात नुसती आग पेटली. पोटात तरी होतं काय म्हणा! गेल्या वर्षी ऑपरेशन करून पिशवीच काढून टाकली होती. आणि घरात उठता-बसता धाकटीचं कौतुक. तिला म्हणे साधी बादली उचलू देत नाहीत! जळतेय मी, जळणारच, असं स्वतःला बजावत तिनं औषध सोडलं.

रेघ सपाट झाली. फोन वाजला.

"थांबल्या हो कळा. एकदम अचानक."

योगायोग, दुसरं काय? तिनं पाणी बदललं. डोंगर उभे राहिले. परत फोन. "सुरू झाल्या!"

तिची शिकलेली अक्कल म्हणाली, चल, काहीतरीच काय! हात मात्र औषधाकडे गेला. या खेपेला तिनं थेंब मोजले नाहीत. आणि पाणीही बदललं नाही. खुर्ची ओढून ती सरळ रेघ बघत बसली. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा दीर रडत होता. "बाळाचे ठोके मंदावलेत, वहिनी. आणि ही भलतंच बडबडतेय. म्हणते, ताईंना सांगा, पाणी बदला."

"कसलं पाणी?"

"मला काय ठाऊक!"

तिनं घरी कामाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. कुणी विचारलंच कुठे होतं?

"अगं बाई, काय केलंस हे," ती स्वतःशीच पुटपुटली आणि धडपडत तिनं नळीची तोटी फिरवली. पाणी बदललं. रेघ सपाटच. पुन्हा बदललं. पुन्हा.

मग पेन थरथरलं. चढायला लागलं.

"सुटली बिचारी," म्हणत तिनं श्वास सोडला, आणि ओटीपोटात अशी कळ आली की तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

पेन उतरलं. कळ ओसरली.

पेन परत चढलं.

तिनं नळीकडे पाहिलं. पट्टी दोऱ्यातून सुटून तळाशी पडली होती.

तिनं कसाबसा फोन लावला. "आल्या ना कळा, भावोजी?"

"नाही हो वहिनी," दीर म्हणाला. "अजून एकही नाही."