प्रयोगशाळेतले मामा

ही गोष्ट खरी आहे. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे खोटं बोलायची मला सवय नाही. चुकीचं बोलायची आहे, पण ते वेगळं.

आणि हे रात्री घडलेलं नाही. रात्री घडलं असतं तर मी झोपेवर ढकललं असतं. हे सगळं भर दुपारी घडलं. गेल्या वर्षी, ईस्टर नुकता होऊन गेला होता. जागा म्हणजे तोबा सरोवरातलं सामोसिर बेट, आणि तिथल्या आमच्या चर्चच्या माध्यमिक शाळेची प्रयोगशाळा.

तिथे काचेच्या कपाटात एक सापळा टांगलेला आहे.

प्लास्टिकचा नाही. खरा. मिशनचे कोणी जुने डॉक्टर मागे ठेवून गेले. कोणाचा, ते कुणालाच माहीत नाही.

नववीची मुलं त्याला हात लावेनात. मेलेल्यांची त्यांना भीती नाही. आम्ही बाताक लोक पूर्वजांची हाडं वर काढून सिमेंटच्या घरात ठेवतो, आणि ती घरं आमच्या घरांपेक्षा चांगली असतात, गळत नाहीत. अडचण वेगळी होती. आमच्यात कुणी भेटलं की आधी कूळ विचारायचं. त्याशिवाय समोरच्याला काका म्हणायचं की मेहुणा, हेच ठरत नाही. आणि सापळ्याला कूळच नव्हतं.

पुढच्या बाकावरची तियोमिनार म्हणाली, "सर, ह्यांना हाक काय मारायची?"

"मामा म्हणा. हे सिम्बोलोन, माझ्या आईच्या कुळातले. माझे सख्खे मामा."

"मग सर, मामांना मुलगी आहे?"

वर्गात हशा फुटला. भाच्यावर पहिला हक्क मामाच्या मुलीचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी चेहऱ्यावरची माशीही हलू न देता सापळ्याकडे वळलो. "असेल तर पाठवून द्या मामा. मी मोकळाच आहे."

आणि... कपाटाचं दार उघडलं.

किल्ली माझ्या खिशात होती.

मुलं आणखी हसली. मीही हसलो. जुनं लाकूड, दमट हवा. त्या तासाला सगळ्यांनी हाताची हाडं न चुकता सांगितली. मला वाटलं, आपण फारच छान शिकवतो.

खरं तर मी मोकळा नव्हतो. लामरियाशी माझं लग्न ठरलं होतं. ती सरोवरापलीकडे बालिगेच्या दवाखान्यात नर्स. ती मामाची मुलगी नाही, म्हणून मी रीतीप्रमाणे मासा आणि भात घेऊन आईच्या दोन्ही भावांची परवानगी मागायला गेलो. बोनार मामांनी काटेसुद्धा चोखले. आमच्या मुलींत काय कमी होतं, एक तर दहावी पासही झालीय, असा टोमणा मारला आणि मग हो म्हणाले.

दोघांना विचारलं. दोघे हो म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी मी प्रयोगशाळेत गेलो, आणि... सापळा पाठ फिरवून होता.

मी त्याला सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ. मुलं म्हणाली, मामा रागावलेत. दोरीला पीळ पडतो, असं मी समजावलं. सापळा दोरीवर नव्हता. लोखंडी सळईवर होता.

त्याच दुपारी लामरियाचा फोन आला. दवाखान्यात एक बाई येते म्हणाली. बाकाच्या टोकाला बसते, केसपेपर काढत नाही, तोंड कायम खिडकीकडे. सगळे गेल्यावर तिने लामरियाला कूळ विचारलं. हिने सांगितलं, माझं कूळ सिलालाही. बाई म्हणाली, "मग त्यांच्या मामाची मुलगी तू नाहीस."

दुसऱ्या दुपारी ती बाई ड्रेसिंगच्या खोलीत होती.

मग एका दुपारी लामरिया आपल्या खोलीवर आली, कुलूप काढलं, आणि... पलंगाच्या कडेला तीच बाई बसलेली. पाहुण्यासारखी. अंगावरची शाल सावरून.

त्यानंतर लामरियाचं जेवण सुटलं. फोनवर तिचा आवाज बारीक होत गेला. "मंगासी, मला तुझ्याशी लग्न करायचंय," ती म्हणाली. "पण जिवंत असताना."

मी मुख्याध्यापिका रुगुन बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या चर्चच्या पंच आहेत. त्या हसल्या नाहीत.

"कूळ दिलंस ना? दिलेलं कूळ परत घेता येत नाही. तिसऱ्या मामाला विचारलंस का?"

"बाई, तो सापळा आहे."

"वर्गात सख्खा म्हणालास."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही हळदीतला अख्खा मासा नि भात घेऊन प्रयोगशाळेत गेलो. सरोवरावर धुकं होतं. बाईंनी आधी येशूची प्रार्थना केली, म्हणजे तिकडे कुणी नाराज नको. मग माशाचं डोकं कपाटाकडे करून ताट धरलं.

मी त्या पाठीशी बोललो. "मामा, मी लामरियाशी लग्न करतोय. तुम्हाला विचारायचं राहिलं. परवानगी द्या."

काहीच नाही. पत्र्यावर पाऊसही नाही.

मग... सळई न करकरता तो वळला.

जबडा हळूच खाली आला. जेवायला बसलेल्या माणसाचा येतो तसा.

"भरव," बाई म्हणाल्या. त्यांनी ताट माझ्यापुढे केलं.

मी घास त्याच्या तोंडात ठेवला. आत घसा नाही, पोट नाही. नुसत्या बरगड्या. भात खाली पडायला हवा. गुरुत्वाकर्षण मी आठवड्यातून तीन तास शिकवतो.

भात पडला नाही.

आम्ही खाली वाकून पाहिलं. एक शीतही नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लामरिया रडत होती. "गेली रे. आत्ता उठली पलंगावरून. म्हणाली, बाबा जेवले, मी निघते."

मी बाईंना खूण केली, झालं.

"जाताना तिने एक विचारलं," लामरिया म्हणाली. "धाकटा भाऊ कुठे असतो म्हणून."

हिसार. माझा भाऊ. तो मेदान शहरात मोटारसायकली विकतो.

"तू काय सांगितलंस?"

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "ती जावी म्हणून सांगितलं."

आमचं लग्न झालं. लामरिया आता नीट जेवते. ह्या विषयावर आम्ही बोलत नाही. मेदानला फोन मात्र रोज करतो, हिसार बरा आहे एवढंच ऐकायला.

गेल्या रविवारी हिसारने आईला सांगितलं, मुलगी पसंत केलीय. आपणहून आली. शांत आहे, काही मागत नाही, काही खात नाही. कूळ सिम्बोलोन. आईचं कूळ! आई आनंदाने शेजारपाजाऱ्यांना सांगत सुटली.

मग तिने मला फोन केला.

"अरे, तिचे वडील म्हणे तुझ्याच शाळेत असतात. तुला चांगले ओळखतात. माणूस कसा आहे रे?"