भिंतीलगतची पट्टी

शिरवण्यातल्या दुर्गाबाईंच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. पत्रा जिथे शेजारच्या जुन्या भिंतीला टेकतो, तिथे पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून लोखंडी पट्टी बसवलेली. खाडीच्या खाऱ्या हवेत ती गंजतेच. कोपरखैरण्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. अशा पट्ट्या मी कितीतरी बदलल्यात.

ही मात्र एकाच ठिकाणी गंजली होती. वीतभर. बाकीची कोरी.

गंजही आतल्या बाजूने आलेला. पट्टी उचकटली तर मागे भिंतीत फट दिसली. हात नेला. दमट, कोमट हवा बोटांना लागली. थांबली. मग पुन्हा लागली.

वारा असेल, म्हटलं.

"तवरी फटीची जागा मोकली ठेव, बाला," दुर्गाबाई जिन्यातूनच म्हणाल्या. "बाकी सगला बंद कर."

"मावशी, पाणी शिरेल ना. भिंतीपलीकडे काय आहे?"

"काय नाय. भरीव हाय."

मी फट सीलंटने भरली, झिंकचा प्रायमर मारला, नवी पट्टी स्टेनलेसच्या स्क्रूंनी आवळली. काम चोख झालं. जिना उतरताना धाप लागली. ऊन फार होतं.

बाईकवर वाशीपर्यंत पोचेतो डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. घरी शर्मिलाने वाफ दिली, पाठ चोळली. "अहो, टेन्शन घेऊ नका," असं म्हणत रात्रभर उशाशी बसून राहिली. हवा बदलेल म्हणून सकाळी गाडी करून गावी निघालो. पनवेलच्या आधीच माझा जीव गुदमरला. तिने गाडी वळवायला लावली.

शिरवणं जवळ येत गेलं तसा श्वास मोकळा होत गेला. ते लक्षात आलं आणि मी गाडी दुर्गाबाईंच्या घराकडे घ्यायला लावली.

दुर्गाबाईंनी दार उघडंच ठेवलं होतं.

शर्मिलाला गाडीतच बसवून मी वर धावलो. कालची अवजारं गच्चीवरच राहिली होती. स्क्रू काढण्याइतका धीर नव्हता. ग्राइंडरने पट्टीच कापली, पेचकसाने सीलंट ओरबाडलं.

फटीतून हवा आली. खारट.

माझी छाती भरली.

"आता लांब नको जाव," मागून दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. "खालची खोली झारून ठेवलीय. बायकोला घेऊन ये."

मी भिंतीला कान लावला. आतला श्वास आणि माझा, दोन्ही एका लयीत चालले होते. खात्री करायला मी तोंड मिटलं, नाक चिमटीत घट्ट धरलं.

छाती तरीही वरखाली होत राहिली.