निळ्या तंबूतली पाचवी जागा

तंबू हळूहळू अंगावर बसत चालला होता, तरी आतला माणूस ओरडला नाही.

“माफ करा,” कापडाआडून आवाज आला, “माझ्या हातून काही बिघडलं का?”

तिने हातातला पंप खाली ठेवला. दुकानाच्या मधोमध उभा केलेला हिरवा तंबू एका कुशीवर कलंडत होता. शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी झडपेचं टोपण मुठीत घट्ट धरून उभी होती, आणि तिची मोठी बहीण तोंडावर हात ठेवून हसत होती.

“तुमच्या नाही, तुमच्या छोट्या पाहुणीच्या हातून,” ती म्हणाली. “हलू नका. हललात की आणखी गुंताल.”

तिने दोन्ही हातांनी कापड वर उचललं. आत तो गुडघ्यांवर बसलेला... केस विस्कटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने चष्मा सावरला, तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

“आत छान होतं,” तो म्हणाला. “पडेपर्यंत.”

ती हसली. आपण किती दिवसांनी हसलो, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

हवेच्या तंबूला काठ्या नसतात. सायकलच्या ट्यूबसारख्या, पण मांडीएवढ्या जाड नळ्या त्याच्या कापडात कमानीसारख्या बसवलेल्या असतात. पंपाने हवा भरत गेलं की नळ्या ताठ होतात आणि त्यांच्याबरोबर कापड उभं राहतं. दहा मिनिटांत घर तयार. टोपण काढलं की तेच घर दोन मिनिटांत जमिनीवर. नऊ वर्षं ती मामाच्या दुकानात हेच करत होती. सकाळी घरं उभी करायची. दिवसभर दुसऱ्यांची कुटुंबं त्यांत शिरून ‘इथे आई झोपेल, इथे बाळ झोपेल’ म्हणायची, ते ऐकायचं. संध्याकाळी सगळ्या घरांतली हवा सोडायची आणि आपल्या एका खोलीत परत जायचं. बत्तिसाव्या वर्षी तिने मनाशी एक हिशेब पक्का केला होता : उभं राहिलेलं सगळं संध्याकाळपर्यंत खाली येतं. त्यामुळे कशावर फार जीव लावू नये.

तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. मुली त्याच्या बहिणीच्या. बहीण आणि तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेले, तेव्हापासून मुली त्याच्याकडे आणि त्याच्या आईकडे होत्या.

“मुलींना त्यांचे आई-बाबा दर सुट्टीत तंबूत न्यायचे,” त्याने सांगितलं. “तो काठ्यांचा तंबू घरी आहे. मी दोनदा उभा करून पाहिला. दोन्ही वेळा आम्ही गाडीत झोपलो.”

“आमच्या मामाला काठ्या उरतात,” धाकटी म्हणाली.

“उरतात कशा?”

“तंबू उभा होतो आणि हातात तीन काठ्या उरतात. मग तंबू पडतो.”

तो लाजला. मोठी मात्र गंभीर होती. “या वर्षी नक्की जायचंय,” ती म्हणाली. “नाहीतर आम्ही विसरून जाऊ, आई कशी न्यायची ते.”

ते ऐकून तिने हिरव्या तंबूचं टोपण घट्ट बसवलं आणि पुन्हा हवा भरायला लागली. तोही पंपाशी आला. पंपावरचा हवेचा काटा सातवर आला की थांबायचं, हे तिने त्याला दाखवलं. तिच्या शेजारी उभा राहून तो काट्याकडे असा पाहत होता, की जणू त्यावर त्याची परीक्षा आहे.

“पहिला बरा दिसतो की दुसरा?” शेजारचा करडा तंबू दाखवत तिने विचारलं.

“हे वाक्य माझं आहे,” तो म्हणाला. “दिवसातून शंभर वेळा मी ते म्हणतो.”

“मग आज उत्तर द्या.”

“मला...” तो थांबला. “मला दोन्ही अंधूक दिसतायत. पुढच्या शनिवारी परत येऊ का?”

तिने मान हलवली. आणि तो जाताच तिच्या लक्षात आलं, की या माणसाने तंबू घेतला की त्याला इथे यायचं काही कारण उरणार नाही.

त्या एका विचारातून पुढचं सगळं घडलं.

दुसऱ्या शनिवारी तिने करड्या तंबूत खोट काढली. “याचं दार बुटकं आहे. तुमच्या आईंना वाकावं लागेल.” तिसऱ्या शनिवारी हिरव्यात. “हा पटकन तापतो.” दोन्ही तंबू उत्तम होते. असे कितीतरी तिने स्वतः विकले होते. तो प्रत्येक वेळी तिचं म्हणणं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, मग तिच्याबरोबर हवा सोडून तंबूची घडी घालायचा. मोठ्या तंबूची घडी एकट्याने नीट होत नाही. दोघांनी दोन टोकांना गुडघ्यांवर बसायचं, दाबत दाबत झडपेकडे सरकायचं. शेवटी दोघांची डोकी जवळ यायची आणि हवा एक लांब उसासा टाकून निघून जायची. त्या उसाशापर्यंत कोणी बोलायचं नाही.

“तू तंबू विकतेस की गिऱ्हाईक पिटाळतेस?” गल्ल्यावरून मामाने विचारलं.

“खरं ते सांगतेय.”

“नऊ वर्षांत एवढं खरं बोलली नव्हतीस कधी!”

चौथ्या शनिवारी त्याची आईही आली. बाई मोकळ्या होत्या. त्यांनी पडदे ओढून पाहिले, जमिनीचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि बोलता बोलता म्हणाल्या, “तंबूचं होईल हो. मला घोर याच्या लग्नाचा आहे. मुलींसाठी कितीदा नाही म्हणाला. आता म्हणतो, आई, बघू. म्हणजे मनात काहीतरी आहे! आमच्या मोठीच्या शाळेतल्या बाई आहेत, फार गुणाच्या. त्यांच्याकडून विचारणाही आली आहे.”

तिच्या हातातला पंप तसाच राहिला. ‘बघू’ म्हणतो... शाळेतल्या बाई... तिने मनातल्या मनात दोन आणि दोन चार केले. हिशेब जुनाच होता. संध्याकाळ झाली होती, एवढंच.

पाचव्या शनिवारी दुकानात एकच तंबू दाखवायचा उरला. निळा, सहा माणसांचा. तंबूवर जेवढा आकडा लिहिलेला असतो, तेवढी माणसं त्यात खांद्याला खांदा लावून झोपतात. म्हणून चौघांनी सहाचा घ्यावा, हे ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. यात खोट काढायला जागाच नव्हती. मुली आजीबरोबर घरी होत्या. तो एकटाच आला होता.

“पाणी आत येतं का, ते पाहायचंय,” तो म्हणाला.

मागच्या अंगणात तिने निळा तंबू उभा केला. तो आत जाऊन बसला. तिने दार बंद केलं आणि झारी भरून आणली. ही त्यांच्या दुकानाची पद्धत होती. गिऱ्हाईक आत, पाऊस बाहेरून. झारीचं पाणी कापडावर टपटपायला लागलं, थेंब एकमेकांत मिसळून कडेने ओघळायला लागले.

“येतंय का आत?”

“नाही. फक्त आवाज येतोय... छान आवाज आहे.”

ती सावकाश तंबूभोवती फिरली. आत त्याची सावली तिच्या बाजूने वळत होती, ती जाईल तिकडे.

“ऐकताय ना?” आतून आवाज आला.

“हं.”

“यात... चार गाद्या घातल्या, तर पाचवी मावेल?”

झारीतलं पाणी एकाच जागी पडायला लागलं.

“पाचवी कोणाची?”

“कोणाची म्हणजे... समजा. समजा, पाचवं माणूस आलंच आमच्यात. तर त्याला जागा होईल का? तुम्हाला काय वाटतं?”

तर ठरलं होतं. आणि आपल्यालाच विचारतोय, शाळेतल्या बाईंची गादी कुठे घालू!

“नाही मावणार,” ती म्हणाली.

“पण यावर सहा लिहिलंय.”

“लिहिलेलं असतं. पाचव्याला यात जागा नाही. अजिबात नाही. तुम्ही चारवरच थांबा.”

झारी रिकामी झाली. मग दाराची चेन उघडली आणि तो बाहेर आला. चष्म्यावर वाफ धरली होती. तो ती पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“बरं झालं, स्पष्ट सांगितलंत,” तो म्हणाला. “मी... विचार करतो.”

त्या दिवशी त्याने घडी घालायला हात लावला नाही. ओल्या तंबूची घडी घालत नाहीत, हेही खरंच होतं.

पुढचा शनिवार कोरडा गेला. त्यापुढचाही. ती दारातल्या घंटीकडे कान लावून बसायची आणि घंटी वाजली की मुद्दाम पाठ फिरवायची. कोणी निळा तंबू मागितला तर “तो दाखवायचा आहे, विकायचा नाही,” म्हणायची. मामा चिडवायचा थांबला. एकदा त्याने चहाचा कप तिच्यासमोर ठेवला.

“जाऊन डोळे तपासून घे की,” तो म्हणाला.

“मला नीट दिसतं, मामा.”

“ते मला दिसतंय!”

ती गेली नाही. जायचं ते दुसरीच्या नवऱ्याकडे कशाला, असं तिला वाटलं. सात आठवडे गेले.

त्यानंतरच्या आठव्या शनिवारी दुपारी घंटी वाजली. तो एकटाच होता. थोडा वाळलेला, नवा सदरा घातलेला.

“निळा आहे अजून?”

“आहे.”

“तोच द्या. आता आम्ही पाच झालो. म्हणजे... पुढच्या रविवारी होऊ. मोठीच्या शाळेतल्या बाई आहेत. मुली त्यांना घरात आतापासूनच मावशी म्हणतात.” तो एका दमात बोलला आणि थांबला. “पाच जण दाटीवाटीने झोपू, पण मुलींना सुट्टी लागलीय. आणखी लांबवता येत नाही.”

“अभिनंदन,” ती म्हणाली. आवाज नीट निघाला, याचं तिला बरं वाटलं. पद्धत म्हणजे पद्धत. विकण्याआधी तंबू एकदा उभा करून दाखवायचा. तिने पंप जोडला. काटा चढत गेला... तीन... चार...

“तेव्हाच विचारलं होतंत तुम्ही,” काट्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “झारीच्या दिवशी. तेव्हाच ठरलं होतं ना त्यांचं?”

“कोणाचं?”

“पाचव्या माणसाचं.”

तिने मान वर केली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत पाहणारा तो माणूस पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ पाहत होता.

“तेव्हा कुठे काय ठरलं होतं,” तो हळू म्हणाला. “तेव्हा पाचवं माणूस बाहेर झारी धरून उभं होतं.”

पंप थांबला.

“मग तोंडावर का नाही विचारलंत?”

“तेवढं धाडस असतं, तर तंबूत बसून विचारलं असतं का? मध्ये कापड होतं म्हणून तेवढं तरी जमलं.” त्याने कसंबसं हसून पाहिलं. “तसा अंदाज मला आधीच होता. तुम्ही प्रत्येक तंबूला नाही म्हणत होतात. मला वाटलं, तुम्ही सभ्य आहात, सरळ ‘येऊ नका’ म्हणत नाही.”

“त्या तंबूंत काही खोट नव्हती,” ती म्हणाली.

“काय?”

“एकातही नव्हती. करड्याचं दार बुटकं नाही. हिरवा तापत नाही. तुम्ही एक घेतला असता, तर पुढच्या शनिवारी आला नसतात. म्हणून...”

आपल्याच हाताने तिने एकेक दार लावत आणलं होतं, तो राहावा म्हणून. आणि तो प्रत्येक दार नकार म्हणून मोजत होता.

बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. गल्ल्यावर मामाने उगाच कागद चाळले, मग उठून आत गेला.

“रविवारी,” तो म्हणाला. जणू स्वतःलाच सांगत होता. “त्यांचा काही दोष नाही. मुलींचाही नाही. धाकटी काल त्यांच्या मांडीवर झोपली.”

“मग असं काही बोलू नका,” ती म्हणाली. “एक आई जाताना पाहिलीय त्यांनी. पुरे.”

तिने पुन्हा हवा भरायला घेतली. पाच... सहा... सात. निळा तंबू दुकानाच्या मधोमध ताठ उभा राहिला, आत पाच गाद्यांची ऐसपैस जागा घेऊन. दोघांनी तो पाहिला. मग तिने टोपणं काढली.

दोघे दोन टोकांना गुडघ्यांवर बसले. दाबत दाबत झडपेकडे सरकले. डोकी जवळ आली. हवेचा लांब उसासा निघाला आणि संपला, तरी दोघांचे तळवे कापडावर तसेच राहिले, वीतभर अंतरावर. ते अंतर कोणी ओलांडलं नाही.

पिशवीची चेन लावताना ती त्याला समजावून सांगू लागली, सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते तशीच. “डोंगरात पहाटे तंबू सैल वाटेल. मुली घाबरतील, गळतोय म्हणतील. तेव्हा पंप मारू नका. हवा गेलेली नसते, थंडीने नुसती आक्रसलेली असते. उन्हं आली की आपोआप ताठ होतो.”

“आणि दुपारी?”

“दुपारी फार तापला, तर थोडी सोडा. नाहीतर फुटतो.”

त्याने पिशवी उचलली. जड होती. दारापर्यंत गेला आणि घंटीखाली थांबला.

“खरं सांगा. त्या दिवशी... सहाचा तंबू होता. पाचवी गादी—”

“मावली असती,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. घंटी वाजली, दार मिटलं. काचेतून तो गाडीपाशी पिशवी ठेवताना दिसला, मग चष्मा काढून पुसताना. गरजेपेक्षा जास्त वेळ.

ती वळली. दुकानाच्या मधोमध फरशीवर निळ्या तंबूएवढी जागा मोकळी पडली होती. मामा मागून येऊन म्हणाला, “आज लवकर बंद करू या का, पोरी?”

“नको,” ती म्हणाली. “अजून उजेड आहे.” आणि कोपऱ्यातला करडा तंबू ओढत तिने त्या जागेवर आणला, दार समोर केलं, आणि पंप जोडला.