तीन नंबरमधला लाल फ्रॉक

तीन नंबरची खोली उघडली आणि थोरलीला क्षणभर फार बरं वाटलं. पलंगामागच्या चित्रातला फ्रॉक लालभडक होता, लहानपणी होता तसा. मग ती दारातच थबकली. खिडकीतल्या उन्हाने तो फ्रॉक केव्हाच फिकट गुलाबी पडला होता. उडालेला रंग परत येत नसतो. चित्र कुणीतरी बदललं होतं.

चित्रात थोरली आणि तिची धाकटी बहीण पायरीवर बसलेल्या, आईने काढलेल्या. गल्लीत कॉफीची दुकानं आली, तेव्हा थोरलीने हे छोटं हॉटेल काढलं. खोल्याखोल्यांतून चित्रं लावली. पण जीव अडकला होता तो याच एका चित्रात.

खोलीची किल्ली आक्कांकडे असे. अकरा वर्षं खोल्या आवरणाऱ्या आक्कांची पिशवी तिने सगळ्यांदेखत उलटी केली. काही निघालं नाही, तरी त्यांना कामावरून काढलंच. मग भिंगकाकांना बोलावलं. ते खासगी तपास करत. सोबतीला त्यांचे मित्र, दातांचे निवृत्त डॉक्टर.

भिंगकाकांनी खोलीला कुलूप घातलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. फ्रॉक कोणत्या रंगाचा?

"गुलाबी," फ्रेमवाला म्हणाला. "गेल्या वर्षी काच मीच बदलली. का, फुटली?"

आदल्या दिवशी खोली सोडून गेलेला पाहुणा फोनवर हसला. "ती गुलाबी फ्रॉकवाली? विकत मागितलं, तर बाईंनी मलाच झापलं. शेवटी फोटो काढून समाधान मानलं."

"मी आले तेव्हापासून गुलाबीच," आक्का म्हणाल्या. "आता घराचीही झडती घ्यायची का?"

थोरलीची धाकटी बहीण वीस वर्षांनी रविवारी आली होती. हॉटेल ती पहिल्यांदाच पाहत होती; तीन नंबरसमोरच्याच खोलीत उतरली होती. "लाल. माझाच तो फ्रॉक. आईने शिवलेला." मग खांदे उडवून म्हणाली, "ताई म्हणते, आक्कांनीच नेलं. ताईचं सहसा चुकत नाही."

"पाहुणाच!" डॉक्टर म्हणाले. "फोटोही काढलाय लेकाने."

भिंगकाका हॉटेलचं माहितीपत्रक चाळत होते. त्यातही त्या चित्राचा फोटो होता. "बोलवा सगळ्यांना," ते म्हणाले.

सगळे दिवाणखान्यात जमले.

"नकलेला नमुना लागतो," भिंगकाका म्हणाले. "माहितीपत्रकात फ्रॉक गुलाबी, पाहुण्याच्या फोटोत गुलाबी. मग नकलेत लाल आला कुठून?"

"रंगवणाऱ्याची चूक," डॉक्टर म्हणाले.

"पायरीवरची भेगही जशीच्या तशी, आणि चूक फक्त फ्रॉकपुरती? नाही डॉक्टर. त्याला कुणीतरी सांगितलं, फोटोत रंग नीट आला नाही, फ्रॉक लाल आहे. तो रंग उडण्याआधी पाहिलेली माणसं इथे दोनच. एकीने मला बोलावलं."

थोरलीने बहिणीकडे पाहिलं. ती मान हलवेल, हसेल, काहीतरी म्हणेल म्हणून वाट पाहिली.

"आक्का चादरी आणायला दार उघडं टाकून गेल्या, तेव्हा खोलीत शिरले आणि मग कळलं," धाकटी म्हणाली. "हातात नक्कल, आणि भिंतीवर ते असं मेलेलं. तरी बदललं. तुझी पाठ पुन्हा कधी वळणार होती?"

"अगं, मागायचंस!"

"मागितलं नव्हतं? आई गेली तेव्हा? घरातच राहील म्हणालीस. आणि परक्यांच्या उशाशी टांगलंस, उन्हात जाळलंस."

"म्हणून आक्कांवर आळ घालायचा?"

"तो तूच घातलास, ताई. मी नुसती गप्प बसले."

थोरली आक्कांसमोर जाऊन उभी राहिली. "आक्का, चुकलं माझं. उद्यापासून या."

"पाहुण्यांच्या उशीखाली किती अंगठ्या सापडल्या, बाई. एकूण एक तुम्हाला आणून दिली." आक्कांचा आवाज चढला नाही. "बहिणीला आज सकाळी काही विचारलंत? नाही. तिला चहा दिलात."



आक्का रोज मागच्या दाराने जात. आज त्या पाहुण्यांच्या दाराने गेल्या, आणि ते ओढून घ्यायलाही थांबल्या नाहीत.